रिसेप्शनसाठी मोठ्या मापाचा गाउन: शिवून घ्यावा की तयार? कापड, कट, बाह्या, सगळंच सांगा

कवडसा२२
नमस्कार मंडळी,
डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे. लग्नाला पैठणी ठरलेलीच आहे. संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन आहे आणि तिथे मला गाउन घालायचाय. पायघोळ, अगदी फॉर्मल. करवली असल्यामुळे स्टेजवर चढउतार, पाहुण्यांची विचारपूस, सगळं माझ्याकडे.

मापं देते म्हणजे नेमकं बोलता येईल. छाती ४६, कंबर ४२, सीट ५०, उंची पाच फूट दोन इंच. दंडघेर १७. लक्ष्मी रोडपासून मॉलपर्यंत फिरून झालं. "तुमच्या मापात अनारकली मिळेल, गाउन नाही" हे उत्तर पाठ झालंय. जे मिळाले ते छातीला बसले की खांद्यावरून उतरत होते, आणि खांद्याला बसले की चेन लागत नव्हती.

मला बारीक दिसायचं नाहीये. अंगाला नीट बसलेला, घातल्यावर दिवसभर विसरून जावा असा कपडा हवाय. तयार घ्यावा की शिवून? कापड कोणतं? बिनबाह्यांचा घालावा का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मिरजमळा
करवलीबाईंचं अभिनंदन! नेव्ही ब्लू वेल्वेट. डोळे मिटून घे.

दहीथालीपीठ
मिरजमळा, डोळे उघडे ठेवूनच घ्यायला हवं गं. डिसेंबरात पुण्यात संध्याकाळी लॉनवर वेल्वेट सोसेल, पण जाड वेल्वेट प्रत्येक शिवणीपाशी फुगतं. घ्यायचंच तर पातळ, लवचीक मायक्रो वेल्वेट घ्यावं. पाठीवर किंवा सीटवर बसून चुरगळलं की लव दबते आणि फोटोत पट्टे दिसतात, तेही लक्षात ठेव.

चकचकीत सॅटिनच्या वाटेला जाऊ नकोस. स्टेजवरच्या फ्लॅशमध्ये त्याची बारीकशी सुरकुतीसुद्धा चमकते. सॅटिनची पडण हवी असेल तर क्रेप बॅक सॅटिन घे आणि मॅट बाजू बाहेर ठेवून शिव. माझ्या नणंदेने असंच केलं होतं, वाइन रंगात. राजबिंडी दिसत होती.

गोदाकाठ
डिसेंबरला अजून अवकाश आहे. रोज तासभर चाललात तर एखादा साइझ सहज उतरेल, मग दुकानातही पर्याय वाढतील. राग मानू नये, काळजीपोटी लिहिलं.

निशिगंध_के
गोदाकाठ काका, तिने मापं दिलीत आणि कापड विचारलंय. वजनाचा सल्ला मागितलेला नाही. आम्हा मोठ्या मापाच्या बायकांना प्रत्येक समारंभाआधी हेच ऐकावं लागतं, आणि त्यापायी "बारीक झाल्यावर घेऊ" म्हणत कितीतरी जणी चांगला कपडा घ्यायचं वर्षानुवर्षं लांबवतात. आहे त्या अंगाला आज चांगलं कापड मिळायला हवं. माझं म्हणणं एवढंच.

कवडसा, बिनधास्त गाउन घाल. रंग मात्र काळा नको. फोटोत छान येतो हे खरं, पण घरातल्या मोठ्यांना लग्नघरात काळं खटकतं. संक्रांतीला चंद्रकळा नेसू की हौसेने.

मिरजमळा
काळ्याचं आता कोण मनावर घेतं? माझ्या मावसबहिणीने स्वतःच्या रिसेप्शनला काळा गाउन घातला आणि आजीनेच दृष्ट काढली.

निशिगंध_के
तुझी आजी थोर आहे, तिला माझा नमस्कार सांग. पण "काळा रंग बारीक दाखवतो" म्हणून काळा घ्यायचा, याला माझा विरोध आहे. बाटली हिरवा, वांगी, मोरपिशी, गर्द लाल, हे सगळे रंग भरल्या अंगावर उठून दिसतात. लपायला म्हणून रंग निवडूच नये.

शिवणकळा
मी कोल्हापुरात ब्लाउज आणि गाउन शिवते. मोठ्या मापाची गिऱ्हाइकं माझ्याकडे जास्त येतात, म्हणून जरा लांबण लावते.

कवडसाताई, तुमच्या मापांत छाती आणि कंबर यांत चार इंचांचा फरक आहे, कंबर आणि सीट यांत आठ. तयार गाउन ज्या तक्त्यावरून कापतात त्यात हे फरक ठरलेले असतात. त्यामुळे तुम्हाला एक माप जमलं की दुसरं हुकणार. दोष अंगाचा नाही, तक्त्याचा आहे. शिवूनच घ्या.

शिंप्याकडे जाताना ज्या ब्रेसियरवर गाउन घालणार तीच घालून जा. तिच्यावर सगळं अवलंबून आहे. छातीचा उभार इंचभर वर-खाली झाला तर टक्सची (छातीपाशी आकारासाठी घातलेल्या चिमट्यांची) टोकं भलतीकडे जातात. आधी चांगली, मापाची ब्रेसियर घ्या, मग कापड.

नुसती छाती, कंबर, सीट मोजून भागत नाही. छातीच्या खालचा घेर, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची, दोन टोकांमधलं अंतर, आणि खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची पुढून वेगळी, मागून वेगळी घ्यायला सांगा. छाती भरलेली असेल तर पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब लागतो. हे केलं नाही तर गाउन पुढून उचलला जातो, घोट्याशी वर दिसतो आणि कंबरेची शिवण छातीकडे चढते. गाउन विचित्र दिसतो असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

कट प्रिन्सेसच घ्या. म्हणजे मुंढ्यातून (जिथे बाही जोडतात तिथून) निघून छातीच्या टोकावरून थेट खालपर्यंत जाणारी शिवण. प्रत्येक कळी, म्हणजे उभा तुकडा, वेगळी कापली जाते, त्यामुळे जिथे हवं तिथे सैल सोडता येतं आणि जिथे हवं तिथे धरता येतं. कमरेला चुण्या नकोत. घेर गुडघ्याच्या वरून सुरू झाला की पुरे.

आणि मुंढा! "दंड जाड आहे, मुंढा खोल ठेवा" असं सांगू नका. खोल मुंढा केला की हात वर करताना पूर्ण गाउन वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ ठेवायचा आणि बाही रुंद कापायची. हात मोकळा राहतो आणि गाउन जागचा हलत नाही.

शेवटचं, थेट भारी कापडाला कात्री लावू देऊ नका. आधी मांजरपाटाचा (साध्या जाड सुती कापडाचा) कच्चा गाउन शिवून अंगावर घालून बघा. त्यावर खडूने खुणा करून, उसवून, मग खरं कापड कापायचं. मांजरपाट स्वस्त असतो, क्रेप वाया गेला तर जीव जळतो. बाजूच्या शिवणींत दीड-दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगा.

कवडसा२२
शिवणकळाताई, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. गाउन वर का चढतात हे आज कळलं. एक विचारते, कापड किती लागेल?

शिवणकळा
तुमची उंची आणि घेर बघता ४४ इंची पन्ह्याचं (रुंदीचं) साडेपाच-सहा मीटर, अस्तर पाच मीटरच्या आसपास. ५८ इंची पन्हा मिळाला तर कमी लागेल, कारण कळ्या शेजारीशेजारी बसतात. अस्तर खालच्या भागाला क्रेपचं चालेल, पण वर अंगाला लागणारं सुतीच घ्या. सॅटिनच्या अस्तरात घाम धरतो.

पेठेतला
बायकोसाठी हा धागा वाचतोय. तिच्या ऑफिसच्या वार्षिक समारंभाला गाउन घ्यायचाय. खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. कापडावर ५ टक्केच. भारी गाउन तयार घेतला तर कराचाच मोठा आकडा होतो. कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडे टाकलं तर तो पैसा चांगल्या अस्तरात आणि चांगल्या चेनमध्ये घालता येतो.

आता प्रश्न. हिला खिसे हवेत. गाउनला खिसे ठेवतात का?

शिवणकळा
ठेवतात की! प्रिन्सेस शिवणीत किंवा बाजूच्या शिवणीत. सीटच्या सगळ्यात रुंद भागाच्या जरा वर उघडायला हवेत आणि पिशवी पुढच्या बाजूला अस्तराला टाचून घ्यायची, म्हणजे फुगत नाही. मोबाइल ठेवू नका, एका बाजूला ओढ बसते. लिपस्टिक, रुमाल, पाकिटं चालतील.

मिरजमळा
आहेराची पाकिटं ठेवायला करवलीला खिसे हवेतच!

वसईचीलेक
आमच्या वसईत गाउन म्हणजे पाहुणा कपडा नाही. घरात मराठी बोलतो आणि चर्चमध्ये लग्नाला नवरी पांढऱ्या गाउनात असते. तिच्या करवल्या, आई, मावश्या, सगळ्या आपापल्या मापाचे शिवून घेतात. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या शिवणाऱ्या बायका "तुमच्या मापात नाही" हे वाक्य बोलतच नाहीत. माझी आत्या अंगाने कवडसापेक्षाही भरलेली, आणि तिच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांच्या नजरा तिच्याच मोरपिशी गाउनवर.

त्या गाउनची आतली बाजू मी नीट बघितली आहे. बाहेरून साधा क्रेप, वर थोडं मणीकाम. आत कमरेच्या रेषेवर चार-पाच ठिकाणी टाचलेली एक जाड, न ताणणारी रिबिन होती, तिला पुढे दोन हूक. चेन लावायच्या आधी ती रिबिन कमरेला घट्ट लावायची. गाउनचं सगळं वजन त्या पट्ट्यावर येतं, खांद्यावर येत नाही. वरचा भाग खाली घसरत नाही, गळा सारखा वर ओढावा लागत नाही. आत्या रात्री उशिरापर्यंत नाचली आणि गळ्याला एकदाही हात लावला नाही. कवडसा, हे नक्की करून घे. खासकरून खांद्यावर कमी कापड असेल तर या पट्ट्याशिवाय शिवूच नये.

आणि बिनबाह्यांचं विचारलंस. आवडत असेल तर घाल. चर्चमध्ये खांदे झाकायचे म्हणून आमच्याकडे वर लेसचं जॅकेट करतात आणि हॉलवर गेल्यावर काढतात. तुलाही डिसेंबरच्या थंडीत उपयोगी पडेल.

दहीथालीपीठ
बाह्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. सुटं जॅकेट म्हणजे सांभाळायची आणखी एक वस्तू. ते कुठल्यातरी खुर्चीवर राहतं आणि शोधाशोध होते. कोपराच्या खाली जाणारी पाऊण बाही, जॉर्जेटची, बिनाअस्तराची. दंडावर पारदर्शक कापड छान दिसतं आणि हात मोकळा राहतो.

वसईचीलेक
जॉर्जेटची बाही आणि क्रेपचा गाउन यांच्या रंगात जरा फरक पडला तर मात्र लगेच दिसतं हो. दोन्ही कापडं एकत्र नेऊन दिवसाच्या उजेडात जुळवावी.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत मुलीच्या मैत्रिणीच्या लग्नासाठी गाउन शोधताना मला साइझचं गणित शिकावं लागलं. अमेरिकेत १६ आणि १६डब्ल्यू हे वेगळे साइझ आहेत. डब्ल्यूवाला मोठ्या मापाच्या अंगासाठी वेगळा कापलेला असतो, कंबर आणि दंड त्यात जास्त मोकळे असतात. नवरीचे आणि करवल्यांचे गाउन नेहमीच्या कपड्यांपेक्षा एक-दोन आकड्यांनी लहान येतात, म्हणून आकड्याकडे न बघता कंपनीच्या तक्त्यातले इंच बघायचे आणि आपल्या सगळ्यात मोठ्या मापाला बसेल तो घेऊन बाकी आत घ्यायचं. आत घेणं सोपं असतं, वाढवायला कापडच नसतं.

गाउनच्या दुनियेत मोठ्या मापाला दारं बंद असतात हे मोठमोठ्या लोकांनाही चुकलेलं नाही. २०१६ साली लेस्ली जोन्स या अभिनेत्रीने जाहीरपणे लिहिलं होतं की चित्रपटाच्या प्रीमियरसाठी कोणी डिझायनर तिला कपडे द्यायला तयार नाही. मग ख्रिश्चन सिरियानो या डिझायनरने तिच्यासाठी लाल गाउन केला. तिचे त्या दिवशीचे फोटो बघा, म्हणजे अंगावर बेतून शिवलेला कपडा काय करतो ते दिसेल.

निशिगंध_के
जर्सीकर, साइझच्या तक्त्याचं आपल्याकडे तर आणखीच अवघड. भारताचा स्वतःचा प्रमाण तक्ता नसल्यामुळे कंपन्या ब्रिटन-अमेरिकेच्या तक्त्यांत फेरफार करून वापरत आल्या. त्यासाठीच निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने 'इंडियासाइझ' हे सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरं, १५ ते ६५ वयाचे सुमारे २५,००० लोक, आणि थ्रीडी स्कॅनरने मापं. हा तक्ता दुकानांपर्यंत पोचून रुळेल तेव्हा कदाचित आपल्या मापांचे तयार गाउन दिसतील. तोवर शिवणकळाताईंसारख्यांवरच भिस्त.

मिरजमळा
भाड्याने का घेत नाही कोणी? एका संध्याकाळीसाठी एवढा खर्च?

दहीथालीपीठ
आम्ही नणंदेसाठी आधी तेच बघितलं होतं. मोठ्या मापात दोन-तीन गाउन असतात, तेही सगळे डोरीवाले, म्हणजे पाठीमागे दोरीने आवळायचे. आवळून बसतो, पण छातीखाली झोळ राहतो, आणि भाड्याच्या गाउनला कात्री लावता येत नाही. कवडसासारख्या उंचीला खालून चार-पाच इंच जादा होतं ते वेगळंच.

पेठेतला
डोरी स्वतःच्या गाउनला कशी? बायकोचं माप महिन्याच्या महिन्यात थोडं बदलतं, थायरॉइडमुळे.

शिवणकळा
तिच्यासाठी डोरी उत्तम. मात्र डोरीच्या मागे त्याच कापडाची पट्टी शिवून घ्या, म्हणजे पाठ उघडी पडत नाही आणि दोन इंचांपर्यंतचा फरक सहज सामावतो. चेन लावणार असाल तर मोठ्या मापाला ती नाजूक कन्सील चेन (शिवणीत लपणारी) पाठीवर नको. कमरेच्या शिवणीपाशी कापड जाड होतं, ताण आला की ती तिथेच उसवते आणि ऐन समारंभात सेफ्टी पिना शोधाव्या लागतात. साधी, मजबूत चेन घ्या, वरून कापडाची पट्टी झाका आणि कमरेशी एक हूक द्या.

भरतकामाबद्दलही सांगते. जरदोसी गळ्यावर भरगच्च करू नका, त्या वजनाने गळा पुढे लोंबतो. खांद्यावर आणि बाहीच्या काठाला करा. कॅनकॅन (घेर फुगवणारी आतली ताठ जाळी) हवा असेल तर कमरेपासून लावायचा नाही. सीटच्या खाली, अस्तराला जोडून लावा. वरून लावला तर आधीच भरलेल्या भागावर आणखी थर चढतात.

अबोलीचा_वेल
सगळं वाचलं, फार उपयोगी धागा. पण आपल्या समारंभांतली सगळ्यात मोठी परीक्षा कोणी सांगितलीच नाही. नमस्कार! रिसेप्शनला निम्मा वेळ वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्यात जातो. ट्रायलच्या वेळी आरशासमोर नुसतं उभं राहू नका. पूर्ण वाकून नमस्कार करा आणि बरोबरच्या व्यक्तीला समोरून गळा बघायला सांगा. मग खुर्चीवर बसा, दोन्ही हात वर करा, पाच-सहा पायऱ्या चढा. खोल गळा आवडत असेल तर आतून त्वचेच्या रंगाच्या जाळीचा तुकडा लावता येतो.

आणि मांड्या घासतात त्यांनी आत सुती सायकल शॉर्ट घाला. पोट आवळणारं शेपवेअर पहिल्यांदाच त्या दिवशी घालू नका. मी दिवसभर घातलेलं आहे, जेवण जात नाही आणि श्वास अपुरा पडतो. घालायचंच तर मापं घेतानाही तेच घाला, नाहीतर गाउन ढिला होतो.

गोदाकाठ
अबोलीताई, नमस्काराचं अगदी पटलं. निशिगंधताईंनी वर लिहिलेलंही पटलं. माझ्या सुनेला हा धागा पाठवलाय, तिला तिच्या भावाच्या लग्नासाठी गाउन हवाच होता आणि ती दुकानांना कंटाळली होती. नाशकात मांजरपाटाची ट्रायल देणारं कोणी माहीत असेल तर कळवा.

निशिगंध_के
काका, मेसेज केलाय. सुनेला शुभेच्छा.

मिरजमळा
जुन्या पैठणीचा गाउन कसा वाटेल? काठ खाली, पदर पुढे.

शिवणकळा
पैठणीच्या घडीवर जुनी रेशीम विरलेली असते, आणि गाउनला ताण सोसणारं कापड लागतं. पैठणी वापरायची तर ताण नसलेल्या जागी. बाहीचा काठ, पाठीचा वरचा तुकडा, नाहीतर सुटा स्टोल. आणि चांगली, धडधाकट पैठणी असेल तर तिला कात्री लावू नका हो, नेसा.

कवडसा२२
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं! शिवूनच घेतेय. वांगी रंगाचा मॅट क्रेप मिळाला, ५८ पन्ह्याचा. अस्तर वर सुती. प्रिन्सेस कट, गळा व्ही, पाऊण बाही जॉर्जेटची, दिवसाच्या उजेडात रंग जुळवून घेतला. आतल्या रिबिनीच्या पट्ट्याचं सांगितल्यावर आमच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "हे कोणी सांगितलं तुम्हाला? बरोबर सांगितलं." जरदोसी फक्त बाहीच्या काठाला. खिसे आहेत!

मांजरपाटाची ट्रायल झाली. नमस्कार केला, आईने समोरून गळा बघितला, तिथेच अर्धा इंच वर घेतला. पुढची उंची मागच्यापेक्षा जास्त निघाली, अगदी शिवणकळाताई म्हणाल्या तशी.

आता एकच राहिलंय. खालची उंची किती ठेवू? हिल्स घालायच्यात.

शिवणकळा
ज्या चपला घालणार त्या घालूनच खालची दुमड घ्या. पुढून जमिनीपासून इंचभर वर, मागून अर्धा इंच. आणि टाचून झाल्यावर गाउन एक रात्र हँगरवर लटकवून ठेवायला सांगा, उरेप (तिरप्या) कापलेल्या कळ्या लटकल्यावर खाली उतरतात. दुमड त्यानंतरच शिवायची.

अबोलीचा_वेल
लॉनवर आहे ना? मग टोकदार हिल्स नकोत, गवतात रुततात आणि गाउनवर पाय पडतो. रुंद टाचेच्या घे.

कवडसा२२
अरे हो, लॉन! रुंद टाचेच्या बघते आणि त्याच घेऊन पुढच्या ट्रायलला जाते.